संकेतस्थळाच्या भेटी मोजा, वाचकांचा माग नको

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

सार्वजनिक वाचनालये, साहित्यसंस्था, शाळा, पतसंस्था आणि सेवाभावी न्यास यांचे वार्षिक अहवाल चाळले, तर अलीकडे त्यांत एक वाक्य हमखास आढळते: संस्थेच्या संकेतस्थळाला वर्षभरात अमुक लाख लोकांनी भेट दिली. सर्वसाधारण सभेत टाळ्या पडतात, अहवाल मंजूर होतो आणि पुढचा विषय पुकारला जातो. हा आकडा कोणत्या साधनाने मोजला, त्या साधनाने वाचकाविषयी आणखी काय काय टिपले, ते कोठे साठवले गेले आणि ते कोणाकोणाला पाहता येते, हे प्रश्न कोणी विचारत नाही; कारण ते साधन निवडण्याचा विषय मुळात कार्यकारिणीपुढे आलेलाच नसतो. संकेतस्थळ बांधून देणारा व्यावसायिक आपल्या सवयीचे साधन बसवतो आणि मोकळा होतो. एका सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाची देखभाल मी काही वर्षे स्वयंसेवक म्हणून करत आहे. त्या अनुभवावरून माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे, की ही निवड संस्थेच्या कार्यकारिणीने स्वतः, रीतसर ठराव करून करावी, आणि ती करताना भेटी मोजणारे साधन पत्करावे, भेट देणाऱ्या माणसाच्या मागोमाग फिरणारे नव्हे.

आधी त्या लाखांच्या आकड्याविषयी. वाचकाने एखादे पान उघडले की त्याच्या ब्राउझरकडून सर्व्हरला, म्हणजे संकेतस्थळ जेथे साठवलेले असते त्या संगणकाला, एकच मागणी जात नाही. पानाचा मजकूर, संस्थेचे बोधचिन्ह, छायाचित्रे, अक्षरसंच, मांडणीची फाइल अशा प्रत्येक घटकासाठी वेगळी मागणी जाते. नव्या पुस्तकांच्या पानावर तीस मुखपृष्ठांची चित्रे लावलेली असली, तर एका वाचकाने एकदा पान उघडताच तीसहून अधिक ‘हिट’ नोंदले जातात. काही जुन्या पद्धतीचे काउंटर हे हिटच मोजतात आणि अहवालात त्यांचे रूपांतर ‘लोकांत’ होते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे किती पाने पाहिली गेली, आणि त्याच्याही पुढची म्हणजे भेटी. साधारणपणे अर्धा तास काही हालचाल झाली नाही की भेट संपली, असे बहुतेक साधने धरून चालतात. सर्वांत फसवा आकडा ‘अभ्यागतां’चा. साधनाला माणूस दिसतच नाही, त्याला एका उपकरणावरचा एक ब्राउझर दिसतो. घरी मोबाइलवर आणि कार्यालयात संगणकावर तेच पान पाहणारा एक वाचक दोन ठरतो, तर एकाच मोबाइलवर आळीपाळीने वाचणारे आई, मुलगा आणि सून मिळून एक ठरतात. विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया संस्था या बाबतीत शब्द जपून वापरते. मराठी विकिपीडियासह तिच्या सर्व प्रकल्पांची पानदर्शने कोणालाही पाहण्यासाठी खुली असतात, पण वाचकसंख्या सांगताना ती ‘वेगळी उपकरणे’ असेच म्हणते, ‘वेगळी माणसे’ म्हणत नाही; आणि हे मोजताना कोणत्याही बाहेरच्या कंपनीचे माग काढणारे साधन ती आपल्या पानांवर बसवत नाही. जगातील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या संकेतस्थळांपैकी एकाला जे परवडते, ते तालुक्याच्या वाचनालयाला परवडू नये असे काही नाही.

मोजण्याच्या पद्धती मुळात दोन आहेत. पहिली सर्व्हरच्या नोंदींवरून, म्हणजे लॉगवरून. कोणतेही संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर असते तो सर्व्हर आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ आपणहून लिहून ठेवतो. आमच्या लॉगमधील एक ओळ उलगडून सांगतो: अमुक आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून, पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी दिवाळी अंकांच्या सूचीचे पान मागितले गेले, सर्व्हरने २०० हा ‘पान मिळाले’ असे सांगणारा संकेतांक देऊन ते पुरवले, इतके बाइट पाठवले, मागणारा ब्राउझर अँड्रॉइडवरील क्रोम होता आणि वाचक गूगलच्या शोधातून आला होता. यासाठी वाचकाच्या मोबाइलवर काहीही ठेवावे लागत नाही. अशा ओळींची बेरीज करून अहवाल देणारे प्रोग्राम फार जुने आहेत. ‘ॲनालॉग’ १९९५ मधला, ‘वेबलायझर’ १९९७ मधला. ‘एडब्ल्यूस्टॅट्स’ त्यानंतरचा आणि ‘गोॲक्सेस’ अलीकडचा. आपल्याकडील लहान संस्था ज्या स्वस्त होस्टिंगवर, म्हणजे सर्व्हरवरील भाड्याच्या जागेवर, संकेतस्थळ ठेवतात, तेथे बहुधा सीपॅनेल हे संकेतस्थळ सांभाळण्याचे साधन असते आणि त्यात एडब्ल्यूस्टॅट्स आधीपासूनच दिलेले असते. अनेक संस्थांकडे हे साधन वर्षानुवर्षे पडून आहे आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. या पद्धतीचा दोष असा, की शोधयंत्रांचे आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांचे स्वयंचलित प्रोग्राम पाने उचलून नेतात तेही या नोंदींत वाचकांबरोबर मिसळतात. चांगली साधने त्यांतील ओळखता येणारे बाजूला काढतात, पण सगळे निघत नाहीत.

दुसरी पद्धत पानात एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, घालण्याची. पान उघडताच ही स्क्रिप्ट वाचकाच्या उपकरणावर चालते आणि कोणते पान, किती वेळ, पडद्याचा आकार केवढा, वाचक कोठून आला, अशी माहिती एका ठरलेल्या सर्व्हरकडे पाठवते. बहुतेक स्वयंचलित प्रोग्राम ही स्क्रिप्ट चालवत नाहीत, त्यामुळे आकडा माणसांच्या जवळ जातो. मात्र जाहिरातरोधक वापरणारे वाचक यातून गळतात, आणि ॲपलचा सफारी ब्राउझर २०१९ पासून अशा स्क्रिप्टने ठेवलेली कुकी, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमधील ओळखीची छोटी नोंद, सात दिवसांत पुसून टाकतो, म्हणून पंधरवड्याने येणारा जुना वाचकही तेथे नवा दिसतो. दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांशी कधीच जुळत नाहीत. आमच्याकडे दोन्ही पद्धती काही महिने शेजारीशेजारी चालवल्या, तेव्हा लॉगचा आकडा स्क्रिप्टच्या आकड्यापेक्षा सतत कितीतरी मोठा येत राहिला. त्यावरून कार्यकारिणीला एक गोष्ट पटली, की एकच साधन ठेवून वर्षामागून वर्षाची तुलना करावी, आणि आकड्याशेजारी तो कशाने मोजला हे अहवालात छापावे.

स्क्रिप्टच्या पद्धतीतील सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे गूगल ॲनालिटिक्स. अर्चिन नावाची कंपनी विकत घेऊन गूगलने नोव्हेंबर २००५ मध्ये ते विनामूल्य खुले केले आणि तोवर मोठ्या कंपन्यांनाच परवडणारी गोष्ट सर्वांच्या हाती आली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. ऑनलाइन दुकान चालवणाऱ्याला, जाहिरातीवर पैसे खर्च करणाऱ्याला, कोणत्या जाहिरातीतून किती विक्री झाली हे पाहणाऱ्याला ते आजही उपयोगी आहे. प्रश्न आहे तो ज्यांना विकायचे काही नाही अशा संस्थांचा. त्यांच्यासाठी या साधनातील बहुतांश तक्ते निरुपयोगी आहेत, आणि २०२० मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत ते इतके वाढले, की ग्रंथपालाला ‘गेल्या महिन्यात कोणती दहा पाने जास्त वाचली गेली’ एवढे शोधायलाही कोणाची तरी मदत लागते. १ जुलै २०२३ रोजी गूगलने त्याची जुनी आवृत्ती बंद केली आणि त्यानंतर वर्षभराने तिच्यातील साठवलेली माहितीही काढून टाकली. ज्यांनी ती वेळेत उतरवून घेतली नाही, त्यांचा अनेक वर्षांचा इतिहास पुसला गेला. नव्या विनामूल्य आवृत्तीत तपशीलवार छाननीसाठीची माहिती मुळात दोन महिने आणि स्वतः पर्याय बदलला तर फार तर चौदा महिने राहते. शंभरी ओलांडलेली वाचनालये ज्या राज्यात आहेत, तेथील संस्थांनी आपल्या नोंदी कोठे ठेवायच्या हे ठरवताना ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

याहून गंभीर मुद्दा आहे माहिती कोणाकडे जाते हा. ऑस्ट्रियाच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये, फ्रान्सच्या प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि इटलीच्या प्राधिकरणाने त्याच वर्षी जूनमध्ये असे निर्णय दिले, की समोर आलेल्या प्रकरणांत गूगल ॲनालिटिक्सच्या वापरातून वाचकांची माहिती अमेरिकेत जाणे युरोपीय कायद्याच्या विरुद्ध आहे. पुढे जुलै २०२३ मध्ये युरोपीय संघ आणि अमेरिका यांच्यात नवी व्यवस्था झाली आणि तो पेच काहीसा सुटला. गूगलच्या बाजूने हेही नमूद करायला हवे, की चौथी आवृत्ती आयपी पत्ता साठवून ठेवत नाही. तरीही वाचक वाचनालयाच्या पानावर आला आणि त्याची खबर जगातील सर्वांत मोठ्या जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचली, ही वस्तुस्थिती उरतेच. वाचनालयाच्या दारातील नोंदवहीत वाचक सही करतो, तेव्हा ती वही संध्याकाळी बाजारपेठेतील एखाद्या दुकानदाराकडे पाठवावी असे कोणत्याही कार्यवाहाच्या मनात येणार नाही.

त्याहीपुढचा प्रकार भेटीच्या चित्रीकरणाचा आहे आणि त्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी, हॉटजार यांसारखी साधने वाचकाचे बोट किंवा माउस पानावर कोठे फिरला, तो कोठे थांबला, काय दाबले, हे टिपून नंतर एखाद्या चित्रफितीसारखे पाहू देतात. पानाची मांडणी सुधारणाऱ्या तज्ज्ञाला याचा उपयोग होतो आणि यातील काही साधने विनामूल्यही आहेत. पण २०१७ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी जगातील आघाडीची ५० हजार संकेतस्थळे तपासली, तेव्हा त्यांपैकी ४८२ ठिकाणी अशी चित्रीकरणाची स्क्रिप्ट आढळली, आणि काही ठिकाणी अर्जात लिहिलेली खासगी माहितीही बाहेरच्या कंपनीकडे जात असल्याचे दिसले. तेव्हापासून या साधनांनी अर्जातील मजकूर झाकण्याची सोय सुधारली आहे. परंतु ती सोय नीट बसवली आहे का, पानावर आधीच छापलेले सभासदाचे नाव आणि थकबाकी झाकली जाते का, हे तपासणारा माणूस लहान संस्थेत असतो कोठे? पतसंस्थेच्या कर्जअर्जाच्या पानावर, रुग्णालयाच्या नोंदणीच्या पानावर, शाळेच्या प्रवेशअर्जावर आणि वाचनालयाच्या सभासदखात्यावर असे चित्रीकरण कोणत्याही कारणाने असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या संकेतस्थळावर ते आहे का, हे संस्थांनी आजच विचारून घ्यावे. सहा महिन्यांच्या चाचणीसाठी म्हणून बसवलेली स्क्रिप्ट नंतर काढायची राहून जाते, हे सर्रास घडते.

मग घ्यावे काय? ज्यांना लॉगवरील मोजणी पुरत नाही त्यांच्यासाठी मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा मूळ कोड सर्वांना खुला आहे अशी, साधने आहेत. मॅटोमो हे त्यांतील सर्वांत जुने आणि भरभक्कम. २००७ मध्ये ‘पिविक’ या नावाने सुरू झालेल्या या प्रकल्पाचे नाव २०१८ मध्ये बदलले. संकेतस्थळे बांधण्याचे वर्डप्रेस हे साधन ज्या पीएचपी भाषेवर आणि मायएसक्यूएल या माहितीसाठ्याच्या प्रणालीवर चालते त्यावरच तेही चालते, म्हणून संस्थेच्या स्वतःच्या होस्टिंगवर ते बसवता येते आणि माहिती घराबाहेर जात नाही. त्यात कुकी बंद ठेवता येते, आयपी पत्त्याचा शेवटचा भाग पुसून टाकता येतो, ठरावीक दिवसांनंतर मूळ नोंदी आपोआप नष्ट करता येतात आणि सर्व्हरचा जुना लॉगही त्यात भरता येतो. प्लॉझिबल आणि उमामी ही त्याहून सुटसुटीत साधने. प्लॉझिबल एस्टोनियातील कंपनीचे आहे, त्याची स्क्रिप्ट अगदी लहान आहे, त्यामुळे खेड्यातील मंद नेटवर पान उघडायला वेळ लागत नाही, आणि सगळा अहवाल एकाच पानावर दिसतो. त्याची तयार सेवा घेतली तर पानदर्शनांच्या संख्येनुसार परकीय चलनात वर्गणी भरावी लागते. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचे, तर साध्या सामायिक होस्टिंगवर ते भागत नाही, वेगळा सर्व्हर लागतो.

यातही झुकते माप देऊन चालणार नाही. स्वतःच्या होस्टिंगवर बसवलेले साधन वेळोवेळी अद्ययावत करावे लागते, आणि ते करणारा कोणी नसेल तर तेच साधन संकेतस्थळात शिरकाव करण्याची वाट बनते. अशा संस्थेने मॅटोमोच्या फंदात न पडता एडब्ल्यूस्टॅट्सवर समाधान मानावे, हे मी मनापासून सांगतो. दुसरे असे, की प्लॉझिबलसारखी कुकीविना चालणारी साधने आयपी पत्ता आणि ब्राउझरची माहिती यांपासून एक सांकेतिक खूण तयार करतात आणि तिचा आधार रोज बदलतात. उद्या तोच वाचक ओळखता येऊ नये, हा त्यामागचा चांगला हेतू. पण आपल्याकडे बहुतेक वाचक मोबाइल इंटरनेटवर असतात, आणि मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच आयपी पत्त्याआडून इंटरनेटवर सोडतात. एकाच लोकप्रिय मोबाइलवरून आलेले दोन वाचक त्यामुळे एक ठरू शकतात, आणि प्रवासात पत्ता बदललेला एकच वाचक दोन ठरू शकतो. वाचनालयाला एवढी चूक सहज चालते. कोणत्या पानांचा उपयोग होतो आणि कोणत्यांचा होत नाही, हे त्यातूनही नीट कळते.

साधन पारखताना मराठी संस्थांनी पाहायच्या काही गोष्टी इंग्रजी लेखांत सापडत नाहीत. पहिली गोष्ट देवनागरी पत्त्यांची. संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि संकेतस्थळाच्या पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांनी लिहिला जातो, म्हणजे एका ‘म’साठी नऊ अक्षरे खर्च होतात. ‘दिवाळी-अंक-सूची’ एवढ्या छोट्या पत्त्याची लॉगमध्ये ११९ अक्षरांची माळ होते. जे साधन ती माळ उलगडून पुन्हा देवनागरीत दाखवत नाही, त्याचा अहवाल मराठी संस्थेच्या हाती देऊन उपयोग नाही. ग्रंथपालाला कोणते पान कोणते हेच कळणार नाही. आमच्या एका जुन्या साधनात असेच होते आणि दर महिन्याला मला पत्ते हाताने उलगडून तक्ता करावा लागे. वर्डप्रेसमध्ये तर पत्त्याच्या या भागाला दोनशे अक्षरांची मर्यादा असल्यामुळे साधारण बाविसाव्या देवनागरी चिन्हाशी लांब मथळा मधेच तुटतो. म्हणून साधन निवडण्याआधी आपल्या संकेतस्थळावरील चार मराठी पत्ते त्यात घालून पाहावेत, आणि मथळा लांब असला तरी पत्ता आखूड ठेवण्याची सवय लावावी.

दुसरी गोष्ट व्हॉट्सॲपची. आपल्याकडील मराठी मजकूर मुख्यतः व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरतो. पण त्या ॲपमधून दुवा उघडला की वाचक कोठून आला हे सहसा सांगितले जात नाही, आणि साधने त्याला ‘थेट आलेला’ मानतात. अहवालातील ‘थेट’ वाचकांचा मोठा आकडा पाहून लोक आपला पत्ता पाठ करून येतात असा समज कार्यकारिणीने करून घेऊ नये. गटात पाठवायच्या दुव्याच्या शेवटी स्रोत सांगणारी खूण जोडली, तर मॅटोमो, प्लॉझिबल आणि गूगल ही तिन्ही साधने ती वाचतात. यात वाचकाची कोणतीही माहिती लागत नाही, दुवा कोठे टाकला होता एवढेच कळते. गावाच्या आकड्यावरही फार विसंबू नये. मोबाइलचा आयपी पत्ता अनेकदा मुंबई-पुण्याचा निघतो आणि माण किंवा जत तालुक्यातला वाचक तेथे मोजला जातो. घड्याळाचेही तसेच आहे. साधनातील वेळ भारतीय वेळेऐवजी जागतिक प्रमाणवेळेवर लावलेली असेल तर त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि मध्यरात्रीनंतर अभ्यास करणाऱ्या स्पर्धापरीक्षेच्या मुलांच्या भेटी आदल्या दिवसाच्या खात्यात पडतात.

आम्हाला सर्वांत जास्त लाभ झाला तो संकेतस्थळावरील शोधचौकटीच्या नोंदींचा, आणि त्यासाठी कोणाचाही माग काढावा लागला नाही. ग्रंथसूचीत वाचकांनी काय शोधले आणि कोणत्या शोधाला एकही पुस्तक मिळाले नाही, एवढीच यादी, कोणी शोधले हे न ठेवता, दर महिन्याला काढली जाते. ‘मोडी लिपी’ या विषयावरील पुस्तके आमच्याकडे होती. पण वाचक ‘मोडी लिपि’ असे ऱ्हस्व लिहून किंवा रोमन अक्षरांत शोधत आणि सूची शून्य दाखवी. हे यादीतून लक्षात आल्यावर सूचीत पर्यायी लेखन जोडले गेले. त्याच यादीतून ग्रंथनिवड समितीला ठिबक सिंचन, हरितगृह आणि नगरपरिषदेचे नियम या विषयांची मागणी कळली. त्याचप्रमाणे ‘पान सापडले नाही’ असे सांगणाऱ्या ४०४ या संकेतांकाच्या ओळी लॉगमधून वेगळ्या काढल्या, तेव्हा जुन्या दुव्यांवरून येऊन रिकाम्या हाती परतणारे वाचक दिसले आणि ते दुवे दुरुस्त करता आले. वाचकाला उपयोगी पडेल असे जे जे आम्ही केले, ते या दोन याद्यांमधून निघाले. अभ्यागताचे वय, आवडीनिवडी आणि त्याची इतर संकेतस्थळांवरील वर्दळ सांगणाऱ्या तक्त्यांतून एकही सुधारणा निघाली नाही.

आता कायद्याविषयी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती या कायद्याने वैयक्तिक माहिती ठरते. सभासद लॉगिन करून ग्रंथसूची पाहतो तेव्हा त्याच्या प्रत्येक पानाची नोंद सभासद क्रमांकाशी जोडून ठेवणारे साधन या व्याख्येत येणारच. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे, असे कायदा सांगतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. तरीही मराठी संस्थांच्या संकेतस्थळांवर आज जी सूचना दिसते ती कोठून तरी उचललेली, इंग्रजीतली आणि बहुधा दुसऱ्याच देशाच्या कायद्यावर बेतलेली असते.

शाळांनी या बाबतीत विशेष जपावे. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे, आणि बालकांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना कायद्याने मनाई केली आहे. बालकांविषयीच्या जबाबदाऱ्या मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. नियमांत शैक्षणिक संस्थांना सूट आहे, पण ती शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. शाळेच्या पानावर जाहिरात कंपनीची माग काढणारी स्क्रिप्ट बसवणे हे यांपैकी कशातही बसते असे मला वाटत नाही. निकाल, गृहपाठ आणि वेळापत्रक पाहायला मुले ज्या पानांवर येतात, तेथे लॉगवरील साधी बेरीज पुरे आहे. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळांना तर तेथील कायद्यामुळे हा विचार २०१८ पासूनच करावा लागतो आहे. त्यांच्यापैकी जाणकारांनी येथील संस्थांना चार गोष्टी सांगितल्या तर मोठी मदत होईल.

एक व्यवहारी बाब राहिली. साधन कोणतेही घ्या, त्याचे खाते संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेलवर उघडलेले असले पाहिजे. आमचे पूर्वीचे संकेतस्थळ ज्या व्यावसायिकाने केले, त्याने मोजणीचे खाते स्वतःच्या ईमेलवर काढले होते. करार संपल्यावर त्याच्याकडून उत्तर येणे थांबले आणि त्या काळातील सर्व आकडे आमच्या हाताबाहेर राहिले. त्याहून वाईट म्हणजे त्याची स्क्रिप्ट नव्या संकेतस्थळावरही चुकून पुढे आली, त्यामुळे संस्थेशी काही संबंध न उरलेला माणूस आमच्या वाचकांची वर्दळ पुढे काही महिने पाहू शकत होता. आता आमच्या कराराच्या मसुद्यात तीन वाक्ये घातली आहेत: मोजणीचे खाते संस्थेचे असेल, कार्यकारिणीच्या लेखी मंजुरीशिवाय कोणतीही बाहेरची स्क्रिप्ट पानात घातली जाणार नाही, आणि काम सोडताना व्यावसायिकाचा प्रवेश त्याच दिवशी बंद केला जाईल. ज्यांना स्वतः तपासायचे आहे त्यांनी संगणकावर आपले संकेतस्थळ उघडून ब्राउझरच्या विकसक साधनांतील ‘नेटवर्क’ हा भाग पाहावा. आपले पान कोणकोणत्या परक्या पत्त्यांशी बोलते हे तेथे ओळीने दिसते, आणि त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही.

आमच्या कार्यकारिणीने ठराव करून मॅटोमो आमच्याच होस्टिंगवर, कुकी बंद ठेवून चालवण्याचे ठरवले, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी पुढील मजकूर दिला आहे: “या संकेतस्थळावर कोणते पान किती वेळा उघडले गेले हे मोजले जाते. आपल्या उपकरणावर यासाठी कुकी ठेवली जात नाही आणि आपला आयपी पत्ता अपुरा करून साठवला जातो. ही माहिती वाचनालयाच्या सर्व्हरवरच राहते, कोणत्याही कंपनीला दिली जात नाही आणि मूळ नोंदी १८० दिवसांनी नष्ट केल्या जातात. शंका असल्यास ग्रंथपालांना भेटावे.” ज्या संस्थेला हा मजकूर उपयोगी वाटेल तिने तो जसाच्या तसा घ्यावा, मात्र तो खरा ठरेल अशी व्यवस्था आधी करावी.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची तपासणी ग्रंथालय संचालनालयाच्या यंत्रणेमार्फत होते. संकेतस्थळावर मोजणीचे कोणते साधन आहे, त्याचे खाते कोणाच्या नावावर आहे आणि वाचकांसाठी मराठीत सूचना दिली आहे का, हे तीन प्रश्न त्या तपासणीत घालावेत आणि लहान ग्रंथालयांसाठी एक पानाची मराठी मार्गदर्शिका काढावी, अशी माझी संचालनालयाला विनंती आहे. शालेय शिक्षण विभागाने शाळांच्या बाबतीत, आणि सहकार खात्याने पतसंस्थांच्या बाबतीत, कायद्याची मुदत भरण्याआधी हेच करावे. आपल्या दैनिकासह सर्व मराठी वृत्तपत्रांनाही एक विनंती आहे. आपल्या संकेतस्थळांवर वाचकांविषयी काय टिपले जाते आणि ते कोणत्या कंपन्यांकडे जाते, हे वर्षातून एकदा मराठीत, छापील अंकात, वाचकांना सांगावे.

आपला नम्र,
एका सार्वजनिक वाचनालयाचा स्वयंसेवक,
सातारा